भोकं कुठल्या अंगानं पाडलीस?

उद्यमबागेत गुरुसिद्दप्पांच्या शेडसमोर
टेम्पोतून ड्रम उतरवला तेव्हा
लेथवरून लोखंडाची निळी साल सुटत होती, कुरळी,
आणि त्यांनी वर न बघताच विचारलं,
"काय धुणार ह्यात?"

रताळी, म्हटलं.
बेक्किनकेऱ्याची तांबडी माती खाचेत बसली की उठत नाही.
आई, काकू आणि मी. पन्नास पोती. बोटांना भेगा.
म्हणून तेलाचा जुना ड्रम, सायकलची चेन,
भंगारातल्या वॉशिंग मशीनची मोटर,
आत काथ्या गुंडाळला.
फिरतो चांगला. धुतोही.
खरं दुसऱ्या दिवशी रताळी काळी पडतात,
यार्डातला दलाल एक उचलतो, वास घेतो,
परत पोत्यात टाकतो.

वाटलं, मोटर मोठी घे म्हणतील.
यल्लोजी, माझा भाऊ, तेच म्हणत होता:
एक एचपीची घाल, निळा रंग मार, शंभर विकू.
नावाचे स्टिकरही छापून आणलेत त्यानं,
सध्या ते आमच्या फ्रिजवर आहेत.

"मिनिटाला फेरे किती?"
मोजले नव्हते.
"लाईट कधी असत्या?"
थ्री फेज रात्री अकरानंतर.
"पाणी कुठं जातंय?"
अंगणात.
"मग अंधारात घसरून कोण पडणार, आई का तू?"
सल्ला मागायला आले होते,
घाम पुसत उत्तरं देत बसले.

मग त्यांनी ड्रमात हात घातला, कोपरापर्यंत,
अडलेल्या म्हशीला डॉक्टर घालतो तसा,
काथ्या बाजूला सारून हळू फिरवला,
बाहेर काढला.
करंगळीवर लाल रेघ.

"भोकं कुठल्या अंगानं पाडलीस?"

बाहेरून.

"मग बर आत आली की गं.
प्रत्येक भोकाला एक दात.
रताळं बोलत न्हाई, म्हणून बोट घातलं."

चारशे बारा भोकं. मोजून पाडलेली.
दोन सुतांचं एकेक, ते मात्र बरोबर निघालं,
एवढंच काय ते कौतुक.

त्यांनी गोल कानस काढून दिली.
"एकेक घास. ग्राइंडर नको, घाई करशील.
मागचं चक्र मोठं घाल, एवढे फेरे बास."
ड्रमवर खडूनं आकडा लिहिला, कन्नडातला बावीस.
मी मराठी शाळेतली,
खरं बसच्या पाट्यांनी हे आकडे कधीच शिकवलेत.

आणि विकायचं?
"एक हंगाम आईला वापरू दे.
ती शिव्या घालायची थांबली की मग रंग मार."

किती द्यायचे, विचारलं. ऐकू आलं नसावं.
कोपऱ्यातलं गोणपाट बाजूला करून म्हणाले,
"आता तू सांग."

स्टीलच्या दोन चकत्या, मधे दांडा, खाली स्प्रिंग.
जोंधळ्याची रोट्टी दाबायचं यंत्र.
बायकोचं मनगट आता थापू देत नाही.
घरी अजून सांगितलेलं नाही,
जमल्याशिवाय दाखवायचं नाही म्हणून.
"सात महिने झाले. कडेला फुटतीच.
तीन स्प्रिंगा बदलल्या.
चकती तर आरशासारखी केली, बघ, तोंड दिसतंय."

चकतीत माझं तोंड दिसलं, रताळ्याच्या रंगाचं.
शेजारी डब्यात पिठाचा गोळा होता.
दाबून बघितला. गार.

पीठ कशात मळता?
"पाण्यात."
कुठल्या?
"नळाच्या."

हसू गिळलं मी.
आधण ओता आधी, म्हटलं,
पीठ गरम असतानाच मळा, मग दाबा. फुटणार नाही.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
तिन्ही स्प्रिंगांकडं एकदा पाहिलं.
मग भिंतीवर, आट्यांची मापं आणि कुणाचा तरी फोन नंबर
यांच्यामधल्या रिकाम्या जागेत
खडूनं लिहिलं, बिसी नीरु,
आणि खडू न ठेवताच वळून विचारलं,
"गरम म्हणजे किती? डिग्री सांग."

डिग्री मला कुठली माहीत.
बोट बुडवल्यावर चटका बसला पाहिजे, म्हटलं.

त्यांनी करंगळीकडं बघितलं.